पावती खरी आणि पावती खोटी

फेब्रुवारी-मार्च आला की कोल्हापुरातील नोकरदार घरांत कपाटे उपसली जातात. आयुर्विम्याचा हप्ता, पाल्याचे शिक्षण शुल्क, पोस्टाचे पासबुक, गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला अशी जुळवाजुळव होते आणि गठ्ठा कार्यालयाच्या लेखा विभागात पोहोचतो. यात वावगे काहीच नाही. कायद्याने देऊ केलेली सवलत घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. प्रश्न उद्भवतो तो कागद कमी पडतात तेव्हा. मग ‘सोय करून देणारा’ कोणीतरी भेटतोच.

ही सोय कुठवर पसरली आहे, याची कल्पना जुलै २०२५ मध्ये आली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै रोजी देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. महाराष्ट्रही त्यात होता. खोटे घरभाडे, न झालेला औषधोपचार, न काढलेले शैक्षणिक कर्ज, राजकीय पक्षांना न दिलेली देणगी असे दावे विवरणपत्रात भरायचे आणि मिळालेल्या परताव्यातून आपली दलाली कापून घ्यायची, असा हा व्यवसाय होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. मंडळाच्या निवेदनात लाभार्थी म्हणून बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, शासकीय कार्यालये आणि शिक्षणसंस्था यांतील कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे. हे वाचून आम्ही अस्वस्थ झालो. साठेबाज आणि तस्कर यांच्याविषयी बोलणे सोपे असते. येथे उल्लेख आहे तो मुलांना शिस्तीचे धडे देणाऱ्या, राष्ट्रहिताच्या चर्चेत हिरिरीने भाग घेणाऱ्या आपल्याच मध्यमवर्गाचा.

या सवयीला इतिहास आहे. १९७३-७४ मध्ये अधिभारासह आयकराचा कमाल दर ९७.७५ टक्क्यांवर होता. समाजवादाच्या नावाखाली वरच्या टप्प्यातील शंभर रुपयांपैकी जेमतेम सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हाती ठेवणारी ती व्यवस्था होती. अशा दरांमुळे करचोरीला उत्तेजन मिळते, हे वांछू समितीने सरकारला सांगितले होते. नानी पालखीवाला मुंबईतील आपल्या अर्थसंकल्पीय व्याख्यानांतून वर्षानुवर्षे हेच सांगत राहिले. त्या काळात उत्पन्न दडवणे हे चातुर्य मानले गेले आणि पुढच्या पिढीने ते संस्कारासारखे उचलले. पण आज ती सबब उरली आहे काय?

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याच्यासाठी ही मर्यादा पावणेतेरा लाखांची होते. (शेअर विक्रीचा नफा यांसारख्या, विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला मात्र ही सूट नाही.) त्यापुढचे गणितही वाचकांनी एकदा मांडून पाहावे. १५ लाख पगार असलेल्या साठ वर्षांखालील व्यक्तीने जुन्या प्रणालीत गुंतवणुकीचे दीड लाख, गृहकर्जाचे दोन लाख व्याज, आरोग्यविम्याचे २५ हजार आणि ५० हजारांची प्रमाणित वजावट असे सारे खरेखुरे घेतले, तरी उपकरासह कर होतो १,४०,४०० रुपये. नव्या प्रणालीत एकही पावती न जोडता तो ९७,५०० रुपये होतो! जुनी प्रणाली किफायतशीर ठरण्यासाठी या पगाराला एकूण वजावटी सहा लाखांच्या घरात जाव्या लागतात. मोठे घरभाडे खरोखर भरणाऱ्यांना ते शक्य आहे. त्यांनी मुदतीच्या आत विवरणपत्र भरून जुनी प्रणाली अवश्य निवडावी. इतरांनी ‘मार्चच्या आत पॉलिसी घ्या, कर वाचेल’ असे सांगणाऱ्याला आपला नेमका किती कर वाचणार, ते कागदावर लिहून मागावे.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक पळवाट आहे. शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे आणि नांगर धरणाऱ्यासाठी ते तसेच राहावे. पण शहरातल्या धंद्याचा नफा गावाकडच्या दोन एकरांत उसाच्या रूपाने पिकतो, तेव्हा पंचगंगेच्या पाण्याचेही कौतुक करावेसे वाटते! अनेकांचा गैरसमज असतो की गोठ्यातील दूधही या सवलतीत बसते. तसे नाही, दुग्धव्यवसायाचे उत्पन्न शेतीचे मानले जात नाही. शिवाय इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर पाच हजारांवरचे शेती उत्पन्न कराचा दर ठरवताना हिशेबात धरले जाते. म्हणून ते विवरणपत्रात दाखवावेच लागते. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी संस्थानच्या ज्या तिजोरीच्या बळावर हाती घेतले, ती तिजोरी रयतेच्या सारामहसुलानेच भरत होती.

खोट्या देणगीची पावती आम्हाला सर्वांत जास्त बोचते. गुरुदक्षिणेचे पाकीट ध्वजासमोर ठेवणारा स्वयंसेवक करसवलतीची विचारणा करीत नाही. त्याच हातांनी न दिलेल्या देणगीचा कागद विकत घेतला जात असेल, तर तो विषय लेखापालावर सोडून कसा चालेल?

नव्या प्रणालीबाबत आमची एक तक्रार मात्र आहे. भविष्य निर्वाह निधी असो वा विमा, कराच्या धाकाने का होईना, एका पिढीने पैसा बाजूला टाकला. त्यातून लग्ने झाली, घरे उभी राहिली. तो धाक आता गेला आहे आणि तरुण पगारदाराचा वाचलेला कर हप्त्यावरच्या मोबाइलमध्ये विरघळतो आहे. नव्या प्रणालीत गुंतवणुकीची वजावट नसली, तरी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे व्याज करमुक्तच आहे. घरातील ज्येष्ठांनी हे तरुणांना समजावून सांगावे.

ज्यांच्या विवरणपत्रात मागील वर्षांचे खोटे दावे आहेत, त्यांनी नोटिशीची वाट पाहू नये. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यानंतर चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. कर आणि व्याज यांवर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा रक्कम द्यावी लागते, ती वाढत चौथ्या वर्षी ७० टक्क्यांवर जाते. चुकीची माहिती दिल्याचे खात्याने स्वतः शोधून काढले, तर दंड कराच्या दुप्पट असतो.