ब्रेकची तपासणी खाणीच्या फाटकावरच हवी

कोपरचा उड्डाणपूल धोकादायक ठरून 2019 साली बंद झाला आणि 2021 मध्ये नवा होऊन पुन्हा खुला झाला. त्या अवधीत पुलाच्या भारक्षमतेविषयी डोंबिवलीत जेवढी चर्चा झाली, तिचा शतांशही, कल्याण-शीळ रस्त्यावरून खडी, मुरूम आणि दगडाची भुकटी वाहणाऱ्या हायवा डंपरांच्या ब्रेकविषयी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुलाचे वार्धक्य येणाऱ्याजाणाऱ्यास दिसते, ब्रेकच्या लायनरचे वार्धक्य चाक उघडल्यावाचून दिसत नाही, एवढेच याचे कारण असावे.

वाहन न थांबण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांचा आपण नेहमी घोटाळा करतो. भार वाढला की टायर रस्त्यावर अधिक दाबला जातो व त्याची पकडही बहुतांशी त्याच प्रमाणात वाढते. ब्रेकची ताकद मात्र ड्रमचा व्यास, लायनर आणि हवेचा दाब यांनी आधीच मर्यादित केलेली असते, म्हणून काठोकाठ भरलेली गाडी खाणीच्या उतारावरून सतत ब्रेक दाबत उतरते तेव्हा टायर शाबूत असतानाच लायनर तापून निकामी होतो. उलट, खडी ओतून परतणाऱ्या रिकाम्या गाडीच्या मागील चाकांवर भारच नसल्यामुळे ती ब्रेक लागताच जाम होतात, आणि आषाढातल्या चिखलाने माखलेल्या डांबरावर गाडी आडवी फिरते. चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा नव्या अवजड वाहनांवर 2015 पासून सक्तीची झाली, ती या दुसऱ्या संकटावरचा तोडगा; पहिल्या संकटास खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक आणि नेमस्त भार हाच उपाय आहे.

टायर मोठे व जाड खाचांचे घातले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात माळशेजच्या पायथ्याशी जीपा चिखलात घालणारी हौशी मंडळीही त्यांतलीच; टायरचा व्यास वाढला की जुन्याच ब्रेकचा रस्त्यावर पडणारा जोर घटतो, हे त्यांच्या गावी नसते. मऊ जमिनीवर टायरमधील हवा थोडी कमी केल्यास पकड सुधारते खरी, तथापि एकाच खेपेत चिखल आणि महामार्ग दोन्ही तुडवणाऱ्या हायवास ती सोय नाही, कारण कमी हवेचा भारवाही टायर डांबरावर तापून फुटतो. कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खाच मागितली आहे. खाणीच्या लाल चिखलात तेवढी खाच दहा पावलांत बुजते.

तीन आसांच्या मालमोटारीचे अनुज्ञेय एकूण वजन 2018 मध्ये 25 टनांवरून 28.5 टन झाले, आणि योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांच्या मुदतीने मिळू लागले. महामार्गावर सरळ धावणाऱ्या वाहनास ही मुदत पुरेशी असेलही. खाणीत रोज चढउतार करणाऱ्याचा लायनर एवढी वाट पाहत नाही. भरारी पथकाने रस्त्यात गाडी अडवावी, कागद पाहावेत आणि चालकाने खिशात हात घालावा, या परिपाठातून लायनरची जाडी कोणालाच कळत नाही.

महसूल खात्याच्या हाती मात्र याहून सोपे साधन आहे. गौण खनिजाची वाहतूक पासावाचून होत नाही. तर खाणीच्या फाटकावर गाडी थांबते तेथेच ब्रेक लावून पाहावा, हवेच्या टाकीतील पाणी सोडले आहे की नाही ते बघावे, टायरची खाच मोजावी, आणि त्यात उणी पडलेल्या गाडीस पास नाकारावा. फाटकाशी चाके धुण्याचा हौद असावा, म्हणजे खाणीचा चिखल सार्वजनिक रस्त्यावर येणार नाही. खेपेमागे मोबदला मिळणारा चालक याला कुरकुरेल, म्हणून तपासणीत गेलेल्या वेळाचा मोबदला मालकाने द्यावा, अशी अट परवान्यातच घालावी. खर्चाची तजवीज जिल्हा खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतून करता येईल. तो निधी खाणकामाने बाधित होणाऱ्यांसाठी आहे, आणि शीळफाट्यावर सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वारास त्यांतून वगळण्याचे कारण दिसत नाही.