कुंपणाखालची वाट

मैत्रिणींनो, मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं. कशावरून म्हणाल, तर कुरडयांवरून! तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून त्यांनी पहाटेपासून घातलेल्या कुरडया. आमचा वाघ्या भरदुपारी कुंपणाखालून पलीकडे गेला आणि धोतरावर वाळत घातलेल्या त्या कुरडयांवर चक्क लोळला.

ही त्याची पहिली खेप नव्हती. आमचं परसदार कृष्णाकाठच्या काळ्या भुसभुशीत मातीचं, कुंपण तारेचं. भोक बुजवलं की दुसऱ्या दिवशी तिथंच नवं भोक. विटा पुरल्या, तर पठ्ठ्यानं विटांच्या शेजारून उकरलं. कुणीसं सांगितलं म्हणून तिखट टाकलं, तर बिचारा तासभर डोळे चोळत शिंकत बसला आणि संध्याकाळी पुन्हा कामाला लागला. हा उपाय तुम्ही मुळीच करू नका. डोळ्यांना, नाकाला इजा होते आणि साध्य काहीच होत नाही.

कुरडयांच्या प्रकरणानंतर यांनी साखळी आणली. दिवसभर बांधल्यावर वाघ्या सारखा केकाटायचा. हिसडे देऊन मानेवरचे केस गेले. मग ठरलं, यांच्या ऑफिसातल्या एकांच्या शेतावर त्याला देऊन टाकायचं. मुलगी त्या रात्री जेवली नाही. सासूबाई नुसतं एवढंच म्हणाल्या, "घरची बाई बाहेर पडली की असंच व्हायचं."

ते वाक्य मला लागलं. कारण डिसेंबरपासून मी शाळेत अर्धवेळ शिकवू लागले होते, अकरा ते तीन. आणि खरंच, उकरणं सुरू झालं होतं जानेवारीत!

वर्गात एखादा मुलगा बाक कोरत बसला, तर त्याला ओरडण्याआधी मी बघते की त्याची गणितं सगळ्यांच्या आधी झाली आहेत, की त्याला ती येतच नाहीत. मग कुत्र्यालाच तेवढा न्याय का नको? एका सुट्टीच्या दिवशी मी साखळी सोडली, नेहमीसारखी पर्स घेऊन, चपला घालून निघाले आणि थोड्या वेळानं पुढच्या दारानं गुपचूप परत येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले.

वाघ्या आधी फाटकाशी बसून कण्हला. सासूबाई दुपारच्या आडव्या झालेल्या, मुलं बाहेर. मग तो परसात हिंडला, कुंपणाच्या एकाच कोपऱ्यात नाक खुपसून हुंगलं आणि दोन्ही पायांनी माती उडवायला लागला. जाऊन पाहिलं तर तिथं घुशीचं बीळ! वाट घुशीनं सुरू केली होती, वाघ्या ती मोठी करत होता. म्हणजे कारणं दोन: एक घूस आणि दुसरं रिकामपण.

आता काय केलं ते सांगते.

घुशीसाठी विष ठेवलं नाही. ते आमिष कुत्राच खाऊ शकतो, किंवा विषानं मेलेली घूस खाऊन त्यालाही विषबाधा होऊ शकते. पिंजरा लावला, खरकटं उघड्यावर टाकणं बंद केलं आणि मगच बीळ दगडमातीनं बुजवलं. घुशीच्या मुतानं दूषित झालेल्या मातीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून हे काम रबरी हातमोजे घालूनच करावं.

मग जाळी. आधी आम्ही कोंबड्यांची पातळ जाळी लावायची चूक केली. वाघ्याचं नख त्यात अडकून रक्त आलं. नंतर जस्ताचा मुलामा दिलेली, चौकोनी घरांची जाड जाळी आणली, 3 फूट रुंदीची. ती लांबीत वाकवून 1 फूट कुंपणाला बांधली आणि उरलेली 2 फूट आतल्या बाजूला, 3-4 इंच माती काढून जमिनीत आडवी पसरली. कापलेली टोकं खाली वळवली, वर माती आणि फरशीचे तुकडे ठेवले. कुत्रा उकरतो ते कुंपणाला अगदी लागून. तिथं पंजाला जाळी लागली की मागं सरून दोन फुटांवरून सुरुवात करावी, हे सहसा त्याला सुचत नाही.

पण नुसती जाळी लावली असती, तर त्यानं माझी तुळस उकरली असती! म्हणून लिंबाच्या सावलीत एक कोपरा त्याला दिला. वाळू टाकली, उन्हाळ्यात ती ओली ठेवते. कुत्री गारव्यासाठीही खड्डा करतात, हे लक्षात असू द्या. त्या वाळूत भाकरीचे तुकडे भरलेली करवंटी पुरून ठेवते. ती शोधण्यात त्याची दुपार जाते. शाळेला निघण्याआधी मुलगा त्याला अर्धा तास फिरवून आणतो. उकरून झाल्यावर मारणं मात्र आम्ही सोडलं. मार कशासाठी बसला हे कुत्र्याला मागाहून कळत नाही.

तुमचा कुत्रा नर असेल आणि मादीच्या मागे पळत असेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना नसबंदीबद्दल विचारा. आणि रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. कुंपणापलीकडे लोकांची मुलं खेळत असतात.

वाघ्या शेतावर गेला नाही. माझी शाळाही सुटली नाही. दुपारची करवंटी आता सासूबाईच पुरतात, आणि "आज त्याला सापडायला वेळ लागला हो," असं मला तीन वाजता सांगतात.

काकूंकडे मात्र मला जावंच लागलं. चूक कुत्र्याची असली तरी कुत्रा आमचा. गहू घेऊन गेले आणि म्हटलं, "काकू, रविवारी पहाटे सोऱ्या धरायला मी येते." त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मी गेले. परतताना त्यांनी वाटीभर गरम चीक दिला, वर दूध-साखर घालून. "मुलीला दे," म्हणाल्या. मग दारापर्यंत आल्या आणि हळूच पुटपुटल्या, "आणि त्या मेल्याला थोडा ठेव."