उणे 80 की उणे 70? लॅबमधल्या फ्रीजरचं डीफॉल्ट सेटिंग आणि विजेचं बिल

माझा एक मित्र पुण्यात बायोलॉजीत पीएचडी करतोय. गेल्या मे महिन्यात त्याला भेटायला त्याच्या लॅबमध्ये गेलो होतो. एका खोलीत कपाटाएवढे चार फ्रीजर ओळीने उभे होते. प्रत्येकाच्या डिस्प्लेवर उणे 80 अंश, आणि खोलीत मात्र असा उकाडा की एसी पूर्ण जोरात चालू. मी विचारलं, "फ्रीजरच्या खोलीत एवढं गरम?" तो म्हणाला, "घरच्या फ्रीजच्या मागे कधी हात लावून बघ."

बरोबर आहे. फ्रीज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि स्वतः खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. ती काढायला पुन्हा एसी. म्हणजे एकाच थंडाव्याचं बिल दोनदा.

एक फ्रीजर किती वीज खातो?

जुना उणे 80चा फ्रीजर दिवसाला साधारण 20 युनिट वीज घेतो. महावितरणच्या घरगुती बिलात पहिला स्लॅब 100 युनिटचा असतो ना? तो हा फ्रीजर पाच दिवसांत संपवतो! नवीन मॉडेल निम्म्या विजेत चालतात, पण विद्यापीठांत जुनी मशीन वर्षानुवर्षं चालवली जातात.

आता गंमत बघा. उणे 80 हा काही विज्ञानाचा नियम नाही. एके काळी असे फ्रीजर उणे 70वरच चालायचे. पुढे कंपन्या आणखी थंड मॉडेल विकू लागल्या आणि उणे 80 हेच डीफॉल्ट होऊन बसलं. कोविडच्या वेळी फायझरची लस उणे 70ला ठेवावी लागते, या बातम्या आठवतात? तिच्यासाठीसुद्धा उणे 70 पुरत होतं.

तापमान उणे 80वरून उणे 70वर आणलं तर वीज सुमारे 30 टक्के वाचते. हिशोब करू. 20 युनिटचे 30 टक्के म्हणजे रोज 6 युनिट, वर्षाला जवळपास 2,200. आपल्याकडे एक युनिट वीज बनवताना सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. म्हणजे एका फ्रीजरमागे वर्षाला दीड टन. एसीची बचत यात धरलेलीच नाही.

मग सगळे बदलत का नाहीत?

मी मित्राला हेच विचारलं. त्याने एक दार उघडून बर्फाने माखलेला डबा दाखवला. "यात माझी चार वर्षं आहेत. आणि वरच्या कप्प्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही. ज्याचं आहे तो पास होऊन गेला."

हे ऐकून मला आमचं ऑफिस आठवलं. आमच्याकडे काही टेस्ट सर्व्हर होते. कुणी सुरू केले, कशासाठी, माहीत नाही. बंद करायची हिंमत कुणी करेना, न जाणो कुणाचं काही अडलं तर? बिल कंपनी भरत होती, पण बंद केल्यावर काही बिघडलं असतं तर शिव्या आम्हाला पडल्या असत्या. लॅबमध्येही तसंच आहे. वीजबिल विद्यापीठ भरतं, विद्यार्थ्याला ते दिसतही नाही. सॅम्पल खराब झालं तर पीएचडी मात्र त्याची लांबते. अशा वेळी तो जास्तीत जास्त थंड सेटिंगच ठेवणार. त्याला बेफिकीर म्हणणं चुकीचं ठरेल.

आणि भीती अगदीच खोटी नाही. वीज गेली की उणे 70चा फ्रीजर धोक्याच्या तापमानाला थोडा लवकर पोचतो. जनरेटर आणि अलार्म धड नसतील तर आधी ते नीट करायला हवेत.

इतरांनी काय केलं?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने, त्यांच्या बोल्डर कॅम्पसवर, कोणतं सॅम्पल उणे 70ला किती वर्षं टिकलं याची यादी जमवून सगळ्यांसाठी खुली केली. "माझं खराब होईल का?" याचं उत्तर अंदाजाऐवजी अनुभवातून मिळू लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने 'लीफ' नावाची पद्धत आणली. त्यात लॅबला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे मिळतात. 'फ्रीजर चॅलेंज' नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही होते, कोणती लॅब किती वीज वाचवते याची. ब्रिटनमध्ये तर वेलकमसारख्या निधी देणाऱ्या संस्था आता लॅबकडे असं प्रमाणपत्र मागतात.

मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोस्टर लावून सवयी बदलत नाहीत, पण ग्रँटच्या अर्जात प्रश्न आला की प्राध्यापक स्वतः मीटर बघायला जातात. आपल्याकडे निधी देणाऱ्या सरकारी संस्थांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: फ्रीजरमध्ये काय आहे याची यादी आहे का, आणि त्याची वीज कोण मोजतं? नवीन मशीनसाठी पैसे द्यायच्या आधी एवढं विचारलं तरी पुष्कळ.

तुम्ही सायन्सला असाल तर सुरुवात सोपी आहे. प्रत्येक डब्यावर नाव, तारीख आणि 'कधी टाकून द्यायचं' ते लिहा. बर्फ वेळेवर काढा. सोडून जाणाऱ्या सीनियरकडून यादी घ्या. कप्पे रिकामे झाले की अख्खा एक फ्रीजर बंद करता येतो, आणि ती बचत 30 नाही, 100 टक्के असते.

मित्राच्या लॅबने उणे 70 अजून केलेलं नाही, गाइडना आधी जनरेटरची खात्री हवी आहे. पण चारही दारांवर आता याद्या लागल्यात. वरच्या कप्प्यातल्या डब्यांच्या मालकाला मेल गेलाय. उत्तराची वाट बघतायत.