इंजिन कोणतं टाकू, हे सगळे विचारतात. कागदाचं कोणीच विचारत नाही.

आठवडाभरात तिघांनी इनबॉक्समध्ये एकच प्रश्न टाकला. "भाऊ, नागपूरले जुनी दोन सीटर स्पोर्ट्स कार पडून आहे, स्वस्तात भेटते. इंजिन जाम आहे. कोणतं टाकू?" एकाने सोबत रील पाठवली. बोनेट उघडं, आत भलंमोठं डिझेल इंजिन, काळा धूर आणि मागे ढणढण गाणं. खाली लाखभर लाइक.

उत्तर देतो, पण रीलवाल्यांना आवडणार नाही.

जुन्या स्पोर्ट्स कारची सारी मजा तिच्या हलकेपणात असते. तिच्या नाकावर लोखंडी ब्लॉकचं जड डिझेल इंजिन ठेवलं की पुढच्या स्प्रिंगा बसतात, स्टेअरिंग जड होतं आणि वळणावर गाडी सरळच जायला पाहते. त्यात असं डिझेल चार-साडेचार हजार आरपीएमला दम सोडतं. गाडीचं जुनं डिफरन्शियल मात्र जास्त फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या हिशोबाने बनवलेलं. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडणार, गाडी पळणार नाही. आणि पळाली तर? ब्रेक तेच, पन्नास वर्षांपूर्वीचे ड्रम. ताशी 60 ऐवजी 90 च्या वेगाने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला सव्वादोन पट काम करावं लागतं. हे शाळेतलं गणित आहे, राजेहो. आरमोरी ते वडसा रस्त्यावर संध्याकाळी धानाची ट्रॅक्टरं आणि सायकलवरच्या शाळकरी पोरी असतात. गणित चुकलं तर त्यांच्यावर चुकतं.

दुसरा लाडका पर्याय म्हणजे स्विफ्टचं इंजिन. चांगलंच आहे, पण ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. जुन्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांमध्ये इंजिन लांबीत बसतं आणि मागची चाकं फिरतात. मग त्याला जुळणारा गिअरबॉक्स शोधा, अडॅप्टर प्लेट बनवा, ईसीएम, सेन्सर आणि वायरिंगचा गुंता सोडवा. इंजिनाच्या किमतीपेक्षा जुळवाजुळव महाग पडते. त्यापेक्षा जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन बघा, नाहीतर आपल्याकडे गल्लोगल्ली फिरणाऱ्या इकोचं. दोन्ही लांबीत बसतात, दोन्हींचा गिअरबॉक्स मागची चाकं फिरवणारा, आणि स्पेअर तालुक्याला मिळतात. त्याआधी जुनं आणि नवं इंजिन काट्यावर ठेवून वजन करा, आणि पहिला खर्च ब्रेकवर करा.

इंजिन बदलणं म्हणजे काही पाप नाही. कंपन्यांनीच ते केलं आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने 1985 मध्ये 118 एनई काढली, तेव्हा अंग फियाट 124 चं होतं आणि इंजिन निस्सानचं, 1171 सीसीचं. काँटेसा आधी ॲम्बेसेडरच्या इंजिनावर कण्हत चालायची, तिला पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन मिळालं तेव्हा कुठे ती धावली. आणि आपल्या भागात मॅटाडोरचं डिझेल इंजिन घातलेल्या ॲम्बेसेडर किती जणांनी पाहिल्या आहेत, हे कमेंटमध्ये सांगाच.

आता खरा मुद्दा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने दिलेल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं, आणि तेही नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने. सीएनजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटला कायद्यात वाट आहे. बाकी बेकायदा बदलाला त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. व्हिंटेज नोंदणीचं स्वप्न असेल तर तेही विसरा. 2021 च्या नियमाप्रमाणे गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. इंजिन बदललं की ती सवलत गेली.

नियम समजला. पण मूळ इंजिन जगात उरलंच नसेल तर? गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म घ्या. आपल्या देशातली फायबरच्या अंगाची दोन सीटर, इंजिन रेनॉचं 1149 सीसी.  त्या मालकाने "त्याच बनावटीचं" इंजिन आणायचं कुठून? जुन्या जीपवाल्याचंही तेच दुखणं. कायदा त्याला सांगतो, तेच आण. बाजार सांगतो, ते नाही. मग मधला माणूस उगवतो. "काहून टेन्शन घेता, कागद मॅनेज होते." गाडीत डिझेल, आरसीवर पेट्रोल, इंजिन नंबर भलताच. तपासणी शून्य. अपघात झाला की विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं, आणि मेलेल्याच्या घरचे ट्रिब्युनलच्या तारखा करत बसतात.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले, तुला काय पडलंय? स्पोर्ट्स कार असेल चोचला. पण हाच नियम जीपवर पोट भरणाऱ्याला आणि त्याचं इंजिन उतरवणाऱ्या गॅरेजवाल्यालाही लागतो. काम उत्तम केलं तरी बिचारा ते उजेडात दाखवू शकत नाही. जर्मनीत असा बदल करता येतो. अधिकृत तज्ज्ञ गाडी तपासतो, ब्रेक नव्या ताकदीला पुरतात का ते बघतो, आणि मगच कागदावर नोंद होते. ब्रिटनमध्ये नवं इंजिन पुराव्यासह कळवून नोंदवून घेता येतं. आपल्याकडे पुण्यात एआरएआय आहे, देशभरच्या गाड्या तपासते. म्हणजे तपासायची अक्कल आपल्याकडे नाही असं म्हणायला जागा नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती केंद्राच्या परिवहन मंत्रालयाकडे आहे. मूळ इंजिन बंद झालेल्या गाड्यांसाठी लेखी नियम करा. इंजिनाची खरेदी पावती, वजनाची आणि ताकदीची मर्यादा, ब्रेकची चाचणी, धुराची चाचणी, मग आरसीवर नवा नंबर. जिल्ह्यातल्या माणसाला त्यासाठी नागपूरला खेटे घालायला लावू नका, वर्षातून दोन शिबिरं इथेच घ्या.

या मजकुराचं निवेदन तयार करतो आहे, खासदारांना देणार आहे. ज्यांच्याकडे मूळ इंजिन मिळत नसलेली गाडी किंवा जीप आहे, त्यांनी आरसीची झेरॉक्स आणि कंपनीने किंवा डीलरने "पार्ट बंद" असं लेखी दिलं असेल तर तो कागद इनबॉक्स करा. गॅरेजवाल्यांनीही सह्या करायला या.