पडीक भूमीची खातेवही

व्यापारी कुटुंबात जमिनीची पारख लहानपणापासून कानांवर पडत असते. माती किती, पाणी किती, रस्ता किती दूर, एवढे समजले की भाव ठरतो. जेथे माती बोटभर आणि खाली अखंड कातळ, त्या भूमीच्या नावापुढे ‘पडीक’ असा शेरा पडतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहराच्या आसपास, अशीच भूमी आहे. या शेऱ्यामुळे किती जीव हिशेबातून गळतात, हे तिच्याकडे पाहिले असता कळते.

तेथील चुनखडीचे सपाट थर सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचले. त्यांवर माती कोठे मुळीच नाही, कोठे जेमतेम वीतभर. हिवाळ्यात आणि वसंतात पावसाचे पाणी या कातळावर थबकते, उथळ डबकी होतात, पातळ माती चिखलासारखी भिजून राहते. ग्रीष्म येताच तोच कातळ तापतो आणि भूमी कोरडी ठणठणीत होते. एवढा चढउतार मोठ्या वृक्षांना सोसत नाही. म्हणून भोवती सीडरचे रान आणि मध्ये उघडा माळ, अशी तेथील रचना आहे. या माळांना ‘सीडर ग्लेड’ म्हणतात.

व्हँडरबिल्ट विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एल्सी क्वार्टरमन यांनी १९५० साली या माळांवरील वनस्पतिसमूहांचे वर्णन प्रसिद्ध केले. मातीच्या जाडीनुसार रहिवासी बदलतात. उघड्या कातळावर नॉस्टॉक नावाचे नील-हरित शेवाळ असते. उन्हाळ्यात ते काळ्या पापुद्र्यासारखे निपचित पडते आणि पाऊस लागताच फुगून हिरवे होते. थोडी माती असेल तेथे लिव्हनवर्थिया ही मोहरीच्या कुळातील इवली वनस्पती आणि गुलाबी फुलांचे सेडम वाढते. पाणी अधिक काळ टिकते तेथे लव्हाळ्याच्या कुळातील बारीक पाती उभी राहतात. माती किंचित जाड होताच उन्हाळी गवत येते.

लिव्हनवर्थियाचा संसार पाहण्यासारखा आहे. ती शरदात रुजते, थंडी जमिनीलगत पानांच्या चक्रात काढते, वसंतारंभी फुलते आणि ग्रीष्मापूर्वी बी टाकून संपते. मधल्या उन्हाळ्यात सर आली तरी ताजे बी फसत नाही. काही काळ उष्णता सोसल्यावाचून ते अंकुरतच नाही. शिवाय सगळे बी एकाच वर्षी रुजत नाही, काही मातीत शिल्लक राहते. एखादा हंगाम बुडाला तरी वंश बुडत नाही. गंगाजळी राखून व्यवहार करणाऱ्या पेढीला हे शहाणपण सांगावे लागणार नाही.

माणसाच्या हिशेबात मात्र ही भूमी निरुपयोगी ठरली. तिच्यावर कचरा टाकला गेला, शहर वाढले तशा वसाहती आणि कारखाने उभे राहिले. इकिनेशिया टेनेसीएन्सिस हे जांभळट पाकळ्यांचे फूल फक्त याच परिसरातील. ते नामशेष झाले असे मानले जात होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस क्वार्टरमन यांना ते पुन्हा आढळले. १९७९ मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. काही माळ राखीव झाले, बियांपासून नव्या वसाहती वाढवल्या गेल्या आणि २०११ मध्ये त्याचे नाव त्या यादीतून काढता आले. वाचवण्याचे काम सुमारे तीन दशकांचे. सपाटीकरणाला यंत्राचे काही दिवस पुरतात.

आपल्या परंपरेला हा विषय परका नाही. शेवाळ हे अनंतकाय, म्हणून चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवतात आणि हिरव्या ओलीवर पाऊल पडू नये म्हणून जपतात. परंतु केवळ साधूंचा विचार करून शास्त्रकार थांबले नाहीत. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा धंदा आहे आणि तळी, सरोवरे शोषून टाकण्याचा धंदाही आहे. व्यापार करणाऱ्यालाच उद्देशून केलेला हा विचार आहे. आज प्लॉट, गोदाम, कारखाना यांचे व्यवहार आपल्या घरांत होतात, तेव्हा मुरूम टाकून बुजवलेले पाणथळ आणि सुरुंगाने फोडलेला कातळ त्या दोन नावांपासून फार दूर नसतो.

आपल्याकडील कास पठाराचा आणि कोकणातील सड्यांचा खडक चुनखडीचा नव्हे, जांभ्याचा आहे. तरी पातळ माती आणि हंगामी पाणी हा न्याय तेथेही लागू पडतो. एप्रिलमध्ये पाहिलेला सडा ओसाडच दिसणार. म्हणून अशा जागेचा सौदा करण्यापूर्वी ती एकदा भर पावसात आणि एकदा भाद्रपदात पाहावी, जाणकार वनस्पती-अभ्यासकाला सोबत न्यावे आणि मगच विसार द्यावा. जागा घेतलीच, तर पाणी साचणारा भाग तसाच राखून बांधकाम उरलेल्या भागात करावे. चार चौरस फूट कमी मिळतील. जमाखर्चात ते नुकसान दिसेल. व्रतांच्या हिशेबात ती जमा आहे.