खिशाला हात न लावता मुंबई

मे महिना लागला की गावाकडून फोन येतो. "पोरांना सुट्टी लागलीय, चार दिवस तुझ्याकडे पाठवते." आपण मोठ्या तोंडानं "पाठव की" म्हणतो आणि फोन ठेवला की मनात आकडेमोड सुरू होते. मुंबई दाखवायची म्हणजे खर्च आलाच, हे आपण धरूनच चालतो.

मीही तसंच धरलं होतं. बहिणीची दोन मुलं कराडहून आली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना एका मॉलमध्ये नेलं. खेळांचं कार्ड भरलं, ते अर्ध्या तासात संपलं, पुन्हा भरलं. मग पॉपकॉर्न, पिझ्झा, आइस्क्रीम. रात्री घरी येताना दहा वर्षांच्या भाचीला विचारलं, "कशी वाटली मुंबई?" ती म्हणाली, "छान. पण असं पुण्यातपण आहे, मामा."

दुसऱ्या दिवशी पाकीट हलकं झालेलं, म्हणून मुलांना घेऊन सरळ लोकलनं सीएसएमटी गाठलं. ह्या स्टेशनात मी बावीस वर्षं उतरतोय. उतरलो की मान खाली, पाय सबवेच्या दिशेनं. भाची मात्र बाहेर आल्यावर दगडी फाटकापाशी थांबली. "मामा, ह्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. असं का?" मी म्हटलं, "दोन्ही सिंहच असतील गं." ती म्हणाली, "आयाळ बघ ना."

बघितलं. खरंच एक सिंह होता आणि एक वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. बावीस वर्षं मी त्या दोघांसमोरून जात होतो आणि मला त्यांचा पत्ता नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

म्हणून मुंबईकरांना आणि ठाणे, कल्याण, वसई, पनवेलहून रोज मुंबईत येणाऱ्यांना हे सांगणं. पाहुणे येवोत न येवोत, एक रविवार काढा आणि आपलं शहर बघा. त्यातलं पुष्कळसं देखणं तिकिटाविना बघता येतं. लोकलचं भाडं आणि दोन वडापाव, एवढ्यात दिवस निघतो. कसा काढायचा, ते सांगतो.

सकाळी आठच्या आत सीएसएमटीबाहेर पोचा. रविवारी रस्ते मोकळे असतात आणि ऊन चढलेलं नसतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्या वास्तुविशारदानं आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली जात होती. २००४ साली युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. पण मुलांना सनावळ्या सांगत बसू नका, त्यांना शोधायला लावा. भिंतींवर प्राणी, पक्षी, पानं, फुलं कोरलेली आहेत आणि त्या कोरीवकामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. घुमटाच्या टोकावर मशाल धरलेली एक बाई उभी आहे, ती 'प्रगती'. कोणाला किती प्राणी सापडतात, ह्याची पैज लावा. अर्धा तास कसा गेला, कळत नाही. मग रस्त्यापलीकडची महापालिकेची इमारत बघा. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ साली पुरी झालेली. दोन्हींत सारखं काय आणि वेगळं काय, हा मुलांना पुढचा प्रश्न.

तिथून दादाभाई नौरोजी रोडनं दक्षिणेला चालत निघा. रस्त्याकडेच्या इमारतींच्या कमानींखालून फुटपाथ जातो, त्यामुळे मे महिन्यातही डोक्यावर सावली राहते. पुढे हुतात्मा चौक लागतो. कारंजं १८६४ चं, वर रोमन देवता फ्लोरा. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल धरलेल्या शेतकऱ्याचं आणि कामगाराचं. २१ नोव्हेंबर १९५५ ला ह्याच भागात मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसं मेली. पुढे १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. आपण इथं बस पकडायला उभे राहतो, टॅक्सीला हात करतो. मुलांबरोबर पाच मिनिटं स्मारकासमोर थांबा आणि ही गोष्ट मराठीतून, आपल्या तोंडानं सांगा. ही हकिगत सांगायला गाइड लावावा लागू नये.

डावीकडे वळलात की हॉर्निमन सर्कलची बाग आणि समोर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल. १८३३ साली उभ्या राहिलेल्या ह्या इमारतीच्या तीस पायऱ्या आणि ते जाडजूड खांब खालूनच बघण्यासारखे आहेत. दुर्गाबाई भागवतांनी इथल्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसून अभ्यास केला. बागेत झाडाखाली डबा उघडा, पाणी प्या, पायांना विश्रांती द्या.

अकराच्या सुमाराला काळा घोडा गाठा. ज्याच्यावरून हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ साली इथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. नाव मात्र लोकांच्या तोंडातून हललं नाही. शेवटी २०१७ साली इथं नवा काळा घोडा बसवला, तोही बिनस्वाराचा. राजा गेला आणि घोडा परत आला, ह्यावर मुलं हमखास हसतात. जवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ सालची. आत जायला पैसे पडत नाहीत. आपल्याला तिथं जायला संकोच वाटतो, 'आपल्याला चित्रातलं काय कळतं' म्हणून. तो संकोच दारातच सोडा. पुष्कळदा चित्रकार स्वतः चित्रांपाशी बसलेला असतो. मुलांनी जाऊन "हे काय काढलंय?" असं सरळ विचारावं. उन्हाची वेळ सावलीत जाते, हा आणखी फायदा.

गेटवे इथून पायी दहा मिनिटांवर. तपासणीची रांग असते, म्हणून पिशव्या कमी ठेवा. १९११ च्या डिसेंबरात पाचवा जॉर्ज इथं उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान. तो आला तेव्हा मात्र ती बांधलेली नव्हती. जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ ला मंजूर झाला आणि कमान १९२४ ला खुली झाली. मग २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी ह्याच कमानीतून बाहेर पडली. ज्यांनी आपल्या राजाच्या स्वागतासाठी दार बांधलं, तेच त्या दारातून निघून गेले. घारापुरीची लाँच आणि लेण्यांचं तिकीट ह्यांना पैसे लागतात, ते पुढच्या खेपेला ठेवा.

जेवण, थोडा आराम, आणि चार-साडेचारला ओव्हल मैदान. मधोमध उभे राहा. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा वाहू लागला. त्या तेजीतले मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद ह्यांनी टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. आता पाठ फिरवा. दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोल वळणाच्या गच्च्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. त्या उभ्या आहेत ती जागा समुद्रात भराव टाकून मिळवलेली. टॉवर बांधला तेव्हा त्याच्यासमोर समुद्र होता. ह्या दोन्ही बाजू मिळून २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. मधे पोरं क्रिकेट खेळतात आणि चेंडू कधी गॉथिककडे जातो, कधी डेकोकडे.

शेवट मरिन ड्राइव्हवर करा. कट्ट्यावर बसा आणि सूर्य बुडेपर्यंत उठू नका. दिवे लागले की राणीचा हार सगळ्यांना सारखाच दिसतो, समोरच्या महागड्या फ्लॅटवाल्यालाही आणि तुम्हालाही.

एका दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव वेगळ्या सकाळसाठी ठेवा. समुद्र हाकेच्या अंतरावर असून त्याचं पाणी गोडं कसं, हे मुलांना विचार करायला द्या. वर मलबार हिलला हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आहेच. तुम्ही लहानपणी त्या बुटात चढला असाल, तर आता आपल्या मुलांना चढताना खालून बघा. उपनगरात राहणाऱ्यांनी जोगेश्वरीची लेणी किंवा बोरिवलीची मंडपेश्वर लेणी बघावीत. रिक्षा वस्तीतून वळत जाते आणि अचानक पुढ्यात शेकडो वर्षांपूर्वीचा खोदलेला कातळ येतो.

चार गोष्टी व्यवहाराच्या. निघण्याआधी मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघा, नाहीतर दिवसाची सुरुवात प्लॅटफॉर्मवर बसून होते. घरून पाण्याच्या बाटल्या भरून न्या. स्वच्छतागृहासाठी सुटे पैसे जवळ ठेवा आणि जिथं बरं दिसेल तिथं जाऊन घ्या, पुढचं मिळेल ह्या भरवशावर राहू नका. बरोबर आजी-आजोबा असतील तर हुतात्मा चौक ते गेटवे एवढंच करा आणि बाकी टॅक्सी किंवा बस. खोताच्या वाडीसारख्या जागी गेलात तर ती माणसांची राहती घरं आहेत, हे ध्यानात ठेवा. दारात उभं राहून फोटो काढू नका आणि आवाज खाली ठेवा.

आणि एक विनंती. तिकीट नसलेल्या जागेला राखणदारही कमीच असतो. मैदानातलं वेफर्सचं पाकीट, लेण्यातल्या भिंतीवर कोरलेलं बदामातलं नाव, पायरीवरची पानाची पिचकारी, हे करणाराही आपल्यातलाच असतो. फुकट मिळालेलं आपलं वाटत नाही म्हणून ते घाण होतं. रिकामी पिशवी बरोबर न्या आणि आपला कचरा तिच्यात घालून घरी आणा.

रविवार लगेच जमत नसेल तर सोमवारपासून सुरुवात करा. कामाला जाताना सीएसएमटीच्या फाटकापाशी एक मिनिट थांबा आणि मान वर करा. सिंह उजव्या खांबावर आहे की डाव्या, ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही.