आपल्या पोरांचा रोजचा रस्ता

दंगल झाली की धुळ्यातल्या काही वस्त्यांवर ‘संवेदनशील’ असा शिक्का बसतो. तिकडं जाऊ नकोस, असं सुखवस्तू आईबाप मुलाला सांगतात. तो जात नाही, प्रश्न मिटला. आपल्या पोरांना काय सांगायचं? त्यांच्या धोक्याच्या जागा पोलिसांच्या यादीत नसतात. ती विहीर असते, एसटी स्टँड असतो, वरातीचा रस्ता असतो.

अमेरिकेत कोलंबस शहरात संशोधकांनी मुलांच्या मोबाइलवरून ती दिवसभर कुठं वावरतात ते तपासलं. हिंसा जास्त असलेल्या भागातला वावर काळ्या मुलांच्याच वाट्याला अधिक येतो. आपल्याकडे हे मापही अपुरं पडेल. तिथं भाग धोक्याचा असतो. इथं जागा तीच, पण कोणाच्या पोराचं पाऊल पडलं त्यावर ती धोक्याची ठरते.

१० जून २०१८. जामनेर तालुक्यातलं वाकडी. विहिरीत पोहले म्हणून दोन मातंग मुलांना नागवं करून मारलं, वर व्हिडिओ काढला. आरोपी भटक्या समाजातले, मग यात जात कुठं आली, असं विचारणारे लगेच उगवले. श्रेणीबद्ध विषमता बाबासाहेबांनी समजावून सांगितली ती यांच्यासाठीच! आणि तीनच आठवड्यांत, १ जुलैला, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारी आलेल्या पाच भटक्यांना, नाथपंथी डवरी गोसाव्यांना, जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी म्हणे.

ही गोष्ट जुनीच आहे. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महाराला घेऊन टांगा हाकायला टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा कधी न हाकलेला आपलाच माणूस पुढं बसला, पुलावर टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. कोणी हात उगारला नव्हता.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनी अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रं शोधण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. शक्यता म्हटलंय, गुन्हा नव्हे. एफआयआर झाल्यावरच गाव दिसणार असेल, तर पोर मार खाईपर्यंत थांबायचं का?

३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमाल, तेव्हा येताना गावाचा हाताने काढलेला नकाशा आणा. पोरं कुठून वळसा घेतात, कोणत्या विहिरीवर जात नाहीत, जयंतीची मिरवणूक कुठल्या गल्लीत अडते. मुलींना वेगळं विचारा, त्यांचे वळसे निराळे असतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसलीच पाहिजे, असा नियम आहे. नकाशे तिथं द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.